फियाटला मिळालेला वारा

टक्! रिलेचा एवढासा आवाज झाला आणि रेडिएटरमागून सूंऽऽ करत पंखा सुरू झाला. मे महिना, दुपारचे दोन, गाडी न्यूट्रलला आणि बॉनेट उघडं टाकून मी अंगणात उभा. तापमानाच्या मीटरचा काटा ९२ अंशांवर थबकला, जरा वेळ तिथेच घुटमळला आणि उतरायला लागला. उतरला! उभ्या गाडीत, रेस न वाढवता! ८७ ला पुन्हा टक्, पंखा शांत. आईला बाहेर बोलावून मी हा खेळ तीनदा दाखवला.

गाडी बाबांची. कागदावर प्रीमियर पद्मिनी, घरात कायम फियाट. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगपाशीच गिअरचा दांडा, जन्म कुर्ल्याच्या कारखान्यातला. डिकीत पाच लिटर पाण्याचा कॅन असायचाच. पसरणी घाटात गाड्यांची रांग लागली की बाबा गाडी कडेला घेत, बॉनेट उघडत आणि इंजिन निवेपर्यंत आम्ही मुलं दगडांवर बसून करवंदं खात असू. जुन्या गाडीचा हा स्वभावच, असं मी चाळीस वर्षं धरून चाललो होतो. स्वभाव कसला! चूक पंख्याच्या वेळेची होती.

मूळ पंखा पाण्याच्या पंपावर बसतो आणि पट्ट्याने फिरतो. म्हणजे इंजिन जेवढं पळेल तेवढा तो पळणार. आता घाटातल्या रांगेत काय होतं बघा. गाडी जागच्या जागी, समोरून वारा नाही, इंजिन तापलेलं, आणि नेमका त्याच वेळी पंखा रेंगाळतोय, कारण इंजिन रेंगाळतंय! उलट हायवेवर ऐंशीच्या वेगाने जाताना वारा आपोआप जाळीत घुसतोय, पंख्याची गरजच नाही, तेव्हा तो जीव तोडून फिरतो. बरं, फुकट फिरत नाही. पंख्याचे फेरे दुप्पट झाले तर त्याला लागणारी ताकद आठपट होते. फेरे पाचपट झाले तर सव्वाशेपट! जेमतेम चाळीस घोड्यांच्या गाडीतून ही वसुली चालते. हे समजलं त्या रात्री मला झोप आली नाही.

आणि उत्तर माझ्या शेजारून रोज जात होतं. १९८३ साली मारुती ८०० आली, तिचं इंजिन आडवं. पट्टा रेडिएटरसमोर नेणार कसा? म्हणून तिला विजेचा पंखा. इंजिनाशी बांधलेला नाही, पाण्याच्या उष्णतेशी बांधलेला!

दुसऱ्याच दिवशी असा पंखा शोधायला मी नाना पेठेत. पंखा निवडताना दोन गोष्टी खऱ्या महत्त्वाच्या: जागा आणि दिशा. आमच्या मिस्त्रींनी घरी येऊन रेडिएटर आणि जुना पंखा काढला (पुली आणि पट्टा तसाच ठेवायचा, पाण्याचा पंप त्यावरच चालतो) आणि विचारलं, "घरात कणीक मळलीय का?" कणकेचा गोळा पंपाच्या टोकाला लावून रेडिएटर जागेवर टेकवला. गोळा चपटा होऊन जेवढा जाड उरला, तेवढी आपली जागा. त्यातून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर सोडून द्यायचा, कारण इंजिन रबरावर बसलेलं असतं, हलतं. माझ्या गाडीत पातळ मोटारीचा दहा इंची पंखा इंजिनाच्या बाजूने बसला. तो हवा ओढतो. जागा नसेल तर जाळीपुढे, हवा ढकलणारा बसवतात. पण तो स्वतःच थोडा वारा अडवतो, म्हणून माझं मत ओढणाऱ्यालाच. वायरी उलट जोडल्या की पंखा उलटा फिरतो खरा, पण पात्यांचा बाक एकाच दिशेसाठी घडवलेला असतो, उलट फिरवून पुरता वारा मिळत नाही. दिशा तपासायला जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा. चटकन चिकटला पाहिजे!

पंखा थेट रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकचे बंद ओवून बांधलेला मी एका गाडीत पाहिला आणि कळवळलो. थरथरीने रेडिएटरच्या पातळ नळ्या कापल्या जातात. आम्ही ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वाकवून चौकटीला बोल्ट केल्या.

सगळ्यात सुंदर भाग म्हणजे थर्मोस्विच. ९२ ला चालू, ८७ ला बंद. थर्मोस्टॅट माझा ८२ अंशांना उघडणारा, म्हणून वरच्या होसमध्ये हा आकडा जुळतो. स्विच थर्मोस्टॅटपेक्षा आधी लागणारा घेतला तर पंखा थांबणारच नाही. मी तो स्वयंपाकघरात पातेल्यात तापवून, थर्मामीटर आणि मल्टिमीटर लावून पारखला. होस कापून मध्ये बसवायला लेथवाल्याकडून पितळी नळी करून घेतली. इथे एक मेख आहे. दोन्हीकडे रबर, त्यामुळे नळीला अर्थिंगच मिळत नाही! एका वायरीचा स्विच असेल तर नळीपासून बॉडीपर्यंत वेगळी वायर घ्यावीच लागते. माझा पहिला तास त्यातच गेला.

पंख्याला आठ-दहा अँपिअर लागतात, सुरू होताना त्याहून बरेच जास्त. जुन्या चावीच्या स्विचवर हा भार टाकायचा नाही. बॅटरी, तिच्याजवळच फ्यूज, मग रिले, मग पंखा. चावी आणि थर्मोस्विच फक्त रिलेला हुकूम देतात. माझ्या गाडीत आल्टरनेटर आधीच होता. डायनॅमो असेल तर आधी त्याचा विचार करा, कारण गाडी उभी असताना डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही आणि पंखा नेमका तेव्हाच मागतो.

गेल्या रविवारी आईला घेऊन महाबळेश्वर. तिथे, साडेतेराशे मीटरवर, उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, म्हणून रेडिएटरचं झाकण दाब धरणारं हवं. तेही नवं घातलं होतं. पसरणी घाटात रांग लागली. आई म्हणाली, "पाणी घेतलंयस ना रे?" टक्. सूंऽऽ. काटा ९२ च्या वर गेला नाही. रांग सरकली, आम्ही सरकलो. पाचगणीपर्यंत एकदाही थांबलो नाही! कॅन तसाच भरलेला परत आला.

तुमच्याकडे फियाट असेल तर एवढं कराच. आधी रेडिएटर उघडून आतला क्षार साफ करून घ्या, तुंबलेल्या नळ्यांवर कुठलाच पंखा उपाय नाही. पंखा बसवल्यावर गरम इंजिनात हात घालण्याआधी त्याची वायर काढा. आणि जुना पंखा त्याच्या बोल्टांसकट फडक्यात गुंडाळून जपून ठेवा, भंगारात देऊ नका.