स्नातकाचें एक वर्ष

माझ्या दादांची नात अमेरिकेंत जन्मली व तेथेंच वाढली. २०१८ सालीं तिचें महाविद्यालयीन शिक्षण संपलें, आणि नोकरी न धरतां एक वर्ष क्वेकर लोकांच्या सेवागृहांत राहण्याचा मनोदय तिनें कळविला. घरांत खळबळ उडाली. "पदवी घेऊन वर्ष वायां घालवायचें?" असें दादांचें म्हणणें, तर "तिला बाटविणार तर नाहींत ना?" ही वहिनींची धास्ती. चौकशीचें काम मजकडे आलें.

वहिनींच्या शंकेचें निरसन सोपें होतें. क्वेकर ऊर्फ मित्रसमाज हा ख्रिस्ती पंथ सतराव्या शतकांत इंग्लंडांत जॉर्ज फॉक्सच्या उपदेशानें उदयास आला. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या उपासनेंत पुरोहित नाहीं आणि बाप्तिस्म्याचा जलविधीही नाहीं. मंडळी मौन धरून बसतात. ज्यास आंतून प्रेरणा होईल त्यानें चार शब्द बोलावे. युद्ध त्यांस निषिद्ध. म्हणून १९१७ सालीं, महायुद्ध चालू असतां, शस्त्र न धरणाऱ्या तरुणांस सेवेचें काम देण्यासाठीं त्यांनीं फिलाडेल्फियांत एक समिति स्थापिली. तिला व इंग्लंडांतील तशाच मंडळाला १९४७ चें शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. २०१२ सालीं अटलांटा येथें तरुणांसाठीं 'क्वेकर व्हॉलंटरी सर्व्हिस' सुरू झाली. आमची मुलगी तिच्याच फिलाडेल्फियांतील घरीं राहिली. दिवसा प्रत्येकानें एकेका लोकोपयोगी संस्थेंत काम करावें, सायंकाळीं एकत्र रांधावें, जेवावें, हातखर्च बेताचा, मुदत अकरा महिने.

मला नवल वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. क्वेकरांच्या सभेंत मतें मोजीत नाहींत. सभेचा लेखनिक सर्वांचें ऐकून घेतो, सभेचा एकंदर कौल काय दिसतो तें शब्दांत मांडतो आणि सर्वांस पटल्यावरच तो नोंदला जातो. कोणाचा मनापासून आक्षेप असेल तर पुन्हां मौन. प्रसंगीं विषय पुढील सभेवर.

ही रीति त्या घरच्या स्वयंपाकघरांतही शिरली. सामायिक पैशांतून मांस आणावें कीं नाहीं, हा प्रश्न निघाला. शाकाहारी दोघीच; मतें घेतलीं असतीं तर निकाल क्षणांत लागता. परंतु तीन सायंकाळ चर्चा चालली, आणि सामायिक अन्न शाकाहारी असावें, ज्यास हवें त्यानें स्वतःच्या पैशानें निराळें आणावें, असें ठरलें. पुढें त्यावरून कुरबुर झाली नाहीं, असें तिनें लिहिलें.

तें वाचून मी बराच वेळ विचार करीत राहिलों. आमचें कुटुंब बारा माणसांचें. येथें निर्णय वडील देतात आणि बाकीचे मान हालवितात. मान हालणें निराळें आणि मन वळणें निराळें. ज्याचें मन वळत नाहीं तो पुढें विभक्त चूल मांडतो, व आपण काळाला दोष देतों. या रीतीला वेळ फार लागतो हें खरें. घरांत दुखणें आलें असतां मौन धरून भागणार नाहीं. परंतु सून कोणतें काम करील, मुलगा काय शिकेल, अशा गोष्टींस तीन सायंकाळ देणें आपणांस जड कां जावें?

आपल्या शास्त्रकारांनीं समावर्तन झालेल्या, पण गृहस्थाश्रमांत न शिरलेल्या तरुणास 'स्नातक' असें स्वतंत्र नांव दिलें आहे. विद्या संपली, संसार लागला नाहीं, अशी ती मधली अवस्था. आज पदवी व नोकरी यांमध्यें आपण तिला जागाच ठेवीत नाहीं. शिक्षणाचें कर्ज डोक्यावर असलेल्यास असें वर्ष परवडणार नाहीं, हेंही मी जाणतों. पण ज्या घरीं दोन वेळचें निश्चित आहे, तेथील मुलानें वा मुलीनें तें मागितलें, तर वडीलधाऱ्यांनीं लगेच नकार देऊं नये. प्रथम तिचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें.