दस्तुरी नाक्यापलीकडचा कारभार

माथेरानला जाणारे बहुतेक लोक तेथील कडे, दऱ्या आणि सूर्यास्त पाहावयास जातात. माझी मात्र एक जुनी खोड अशी, की कोणत्याही गावी गेलो म्हणजे तेथे पाणी कोठून येते, कचरा कोठे जातो आणि या साऱ्याचा जमाखर्च कोण ठेवतो, याची विचारपूस केल्याखेरीज मला त्या गावाचे सौंदर्यही नीट दिसत नाही.

नेरळहून घाट चढून आलेली मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते आणि तेथेच मोटारीची सद्दी संपते. पुढे घोडा, माणसाने ओढलेली हातरिक्षा किंवा आपले स्वतःचे पाय. अलीकडे न्यायालयाच्या परवानगीने थोड्या ई-रिक्षाही आल्या आहेत. नाक्यावर नगरपरिषदेचा प्रवासी कर भरून मी पावती घेतली. कायम वस्ती जेमतेम चार-साडेचार हजारांची आणि वर्षाकाठी येणारे पाहुणे लाखांनी मोजावे लागणारे. अशा गावाने त्या पाहुण्यांची घाण निव्वळ आपल्या घरपट्टीतून उपसावी, ही अपेक्षाच अन्यायाची ठरेल.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी 1850 मध्ये हे स्थळ शोधून काढले, असे सांगण्याचा प्रघात आहे; जणू ठाकूर, कातकरी आणि धनगर तोवर डोळे मिटूनच या रानात वावरत होते! 1905 मध्ये येथे नगरपालिका आली, 1907 मध्ये पीरभॉय घराण्याच्या खटपटीने नेरळहून छोटी आगगाडी वर चढली. आज गावाचा कारभार नगरपरिषदेकडे, रानाचा वनखात्याकडे, सरकारी जमिनींचा महसूल खात्याकडे आणि रुळांचा रेल्वेकडे. एवढ्याशा माथ्यावर इतके अंमलदार, की एखादे झाड आडवे झाले तर ते कोणाच्या हद्दीत पडले, याचाच खल आधी व्हावा.

परंतु या गावाचा खरा प्रश्न पायाखालचा आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून उभ्या असलेल्या, सुमारे 800 मीटर उंचीच्या या डोंगराचा माथा जांभ्याचा. त्या जांभ्याची तांबडी माती हेच येथील रस्त्यांचे द्रव्य. उन्हाळ्यात घोड्यांच्या टापांनी तिचे पीठ होते आणि त्यात लिदीचा चुरा मिसळून ते नाकातोंडात जाते. पावसाळ्यात तीच माती दरीकडे वाहू लागते. ही धूप थांबावी म्हणून रस्त्यांवर ठोकळे बसवावेत, असे एक पक्ष म्हणतो. घोडेवाल्यांना ते मान्य नाही.

“साहेब, ठोकळ्यावर नाल टिकत नाही, जनावर घसरतं. सवारी पडली तर बोल आम्हालाच लागणार,” एका घोडेवाल्याने मला चढणीवरचा गुळगुळीत भाग दाखवीत सांगितले. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, हीच यातली अडचण. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ठोकळ्यांना मुभा देऊन अंतर्गत रस्ते त्यांच्यापासून मुक्त ठेवण्यास सांगितले. त्याच निकालाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा हुकूमही दिला.

हातरिक्षेत मी बसलो नाही. एकाने मागून रेटावे, एकाने पुढून ओढावे आणि आपण मध्ये बसून वनश्रीची वाखाणणी करावी, हे मला जमण्यासारखे नव्हते. पण माझ्या या सोवळेपणाने त्या माणसाची एक खेप बुडाली, हेही त्याच्या चेहऱ्यावरून मला कळले. मोटारबंदी मला मनापासून पटते. तरीही तिच्या पायी गॅसच्या टाक्यांपासून प्रवाशांच्या पेट्यांपर्यंत जे जे ओझे वर आले, ते घोड्यांच्या नाही तर गरिबांच्या पाठीवरून आले, हे वनश्रीची थोरवी गाणारे आम्ही लोक सहसा बोलून दाखवीत नाही. “रिक्षा सोडायला आम्ही तयारच आहोत,” तो म्हणाला, “गाडी तेवढी आमच्या हाती द्या.” न्यायालयाचाही रोख तोच आहे: ई-रिक्षा शासनाने घ्याव्यात आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांना भाड्याने चालवावयास द्याव्यात. त्या गाड्या त्यांच्याच हाती पडतात, की चार पैसे बाळगून असलेला कोणी तिसराच पुढे सरसावतो, यावर मी तरी त्या हुकुमाच्या अंमलबजावणीची पारख करीन.