किविकिऊ आणि पहिले शील

हवाई बेटांपैकी माउईवर हालेआकला नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या सदैव पावसात भिजणाऱ्या पूर्व उतारावर, ओहिआ वृक्षांच्या जंगलात, किविकिऊ हा गाणारा पक्षी राहतो. जगात अन्यत्र तो कोठेही नाही. आकार चिमणीएवढा, पाठ हिरवट, पोट पिवळे आणि त्या एवढ्याशा देहाला न शोभणारी पोपटासारखी दणकट चोच. तिने तो वाळक्या फांद्या चिरतो आणि आतल्या अळ्या काढून खातो. मादी बहुधा एकच अंडे घालते. फांदी फोडण्याची विद्या अवगत होईपर्यंत पिल्लू कित्येक महिने आईबापांच्या मागे हिंडते. अशा जिवाची संख्या एकदा घटली की भरून यायला फार काळ लागतो. गेल्या दशकातील अंदाजानुसार ती दीडशेच्या आसपास होती.

किविकिऊ हे नावही २०१० मधले. मूळ हवाई नाव नोंदींतून नाहीसे झाले होते; तोवर इंग्रजी नावावरच भागत होते. मग त्या भाषेच्या जाणकारांनी वाकडी चोच आणि लपून राहण्याचा स्वभाव ध्यानात घेऊन नवे नाव घडवले. इतरांनी दिलेली नावे पिढ्यान्‌पिढ्या वागवलेल्या आपल्यासारख्यांना या नामकरणाचे मोल समजावून सांगावे लागू नये.

हा पक्षी मरतो आहे तो हिवतापाने. पक्ष्यांच्या हिवतापाचा परजीवी वेगळा. पण वाहक डासच. हवाईत मुळात डास नव्हते. १८२६ मध्ये माउईच्या लाहैना बंदरात आलेल्या जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून ते उतरले, असे सांगितले जाते. परजीवी नंतर, बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर आला. माणसांनी आणलेली डुकरे रानटी झाली आणि वृक्षनेच्यांची खोडे पोखरू लागली. त्या खळग्यांत पाणी साचून डासांची पैदास वाढली. उरली होती ती उंचावरची थंडी. तापमान सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की डासाच्या शरीरात परजीवीची वाढ थांबते. पण आता पृथ्वी तापते आहे, तसे डास वर सरकत आहेत, आणि किविकिऊला आणखी वर जायला जागा नाही. तिथे जंगलच संपते.

हे वाचून 'निसर्गाचा नियम' असे म्हणून उसासा टाकणारे भेटतात, तेव्हा मला अस्वस्थ वाटते. नियती हा शब्द आपण फार महागात ऐकला आहे. बाबासाहेबांनी मांडलेल्या धम्मात प्रत्येक घटनेला कारण असते, आणि ते एक तर मानवी कृतीत सापडते किंवा निसर्गनियमात. येथे पिंपापासून धुराड्यापर्यंत बहुतेक कड्या माणसाच्या हातच्या आहेत.

२०१९ मध्ये हालेआकलाच्या दक्षिण उतारावरील नाकुला येथे चौदा किविकिऊ नेण्यात आले. गुराढोरांनी उजाड केलेले ते रान कुंपण घालून, झाडे लावून पुन्हा उभे केले जात होते. काही आठवड्यांतच जवळजवळ सारे पक्षी हिवतापाने मेले किंवा बेपत्ता झाले. त्यांतला एक नर मात्र सुमारे वीस महिन्यांनी जिवंत दिसला.

तेव्हा डास कमी केल्यावाचून गत्यंतर नाही. २०२३ च्या अखेरीपासून माउईच्या जंगलात प्रयोगशाळेत वाढवलेले नर डास हवेतून सोडले जातात. नर चावत नाहीत. त्यांच्या शरीरात वोल्बाकिया या जिवाणूचा वेगळा प्रकार असतो. त्यामुळे त्यांच्याशी समागम झालेल्या रानातील माद्यांची अंडी उबत नाहीत.

आपल्यातील काही उपासकांना प्रश्न पडेल: पहिल्या शीलाचे काय? कोट्यवधी डासांचा वंश खुंटवणे ही हिंसा नव्हे का? प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे, आणि अहिंसेला आंधळा नियम न मानता तत्त्व मानले आहे. तत्त्व विवेकाची अपेक्षा करते. येथे द्वेष नाही, मृगयेचा आनंद नाही; जो जीव माणसानेच आणला त्याचा उपद्रव माणूस आवरतो आहे, तोही बहुतांशी न मारता, जन्म रोखून. माझ्या मते शील येथे मोडत नाही. हात बांधून बसणे मात्र मला शीलाशी जुळवता येत नाही.

माउईतील काही नागरिक या योजनेविरुद्ध न्यायालयात गेले. त्यांची बाजू मला पटत नाही. पण बाहेरून आणलेल्या प्रत्येक जिवाने ज्या बेटाचे काही ना काही हिरावले, तिथल्या माणसाने नव्या डासांविषयी शंका विचारू नये, असे कसे म्हणावे? शिवाय हा उपाय एकदा करून संपणारा नाही. सोडणे थांबले की डास पुन्हा वाढतील, हे करणाऱ्यांनाही ठाऊक आहे.