गाडी बदलायचं गाव

पुलगावला तुम्ही मुद्दाम असे कधी उतरला नसाल. मुंबईकडून नागपूरला येताना धामणगाव मागे पडतं, थोड्या वेळाने वर्धा नदीचा पूल लागतो, डब्याखालचा आवाज एकाएकी पोकळ होतो, एखादी म्हातारी खिडकीतून नदीत नाणं टाकून हात जोडते, आणि ते हात खाली यायच्या आत आमचं स्टेशन येतं. गाडी थांबते न थांबते तोच सुटते, आणि लांबच्या प्रवाशाला पुलगाव ठाऊक असतं ते एवढंच. नागपूरपर्यंत रूळ पोचले 1867 साली. त्यांच्यासाठी नदीवर पूल झाला, पुलाशेजारी वस्ती झाली, आणि वस्तीला नावही पुलाचंच मिळालं. गाव आधी आणि स्टेशन मागून, असं आमच्याकडे झालंच नाही. म्हणून की काय, घरी कोणी रुसलं, कोणाला करमेनासं झालं, कोणाला नुसतं वारं खावंसं वाटलं, तरी पाय आपोआप स्टेशनाकडेच वळायचे.

पण मला आज बोलायचं आहे ते त्या मोठ्या लाइनीबद्दल नाही. स्टेशनाच्या एका अंगाला, मुख्य फलाटाच्या गलबल्यापासून जरा सरून, एक दुसरी गाडी उभी राहायची. आर्वीची. आम्ही तिला छोटी गाडी म्हणायचो आणि तिच्या रुळांना छोटी लाइन. मूर्तिजापूर-यवतमाळकडच्या तिच्या बहिणीला लोक शकुंतला म्हणत, आणि आमच्याकडचेही कितीक जण तेच नाव हिला लावत. थोरली यवतमाळला जायची, मधली 1913 साली अचलपूरला धावू लागली, आणि ही धाकटी 1917 साली, पुलगाव ते आर्वी, अवघी 35 किलोमीटर. काम मुळात कापूस ओढण्याचं. किलिक निक्सन या विलायती पेढीच्या कारभाराखालची सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी तिची मालक. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी हे रूळ मात्र कंपनीच्याच नावावर राहिले. थोरलीकडचं एक वाफेचं इंजिन तर 1921 साली मँचेस्टरला घडलेलं, आणि ते 1923पासून 1994पर्यंत राबलं. वऱ्हाडातून आणि वर्ध्यातून कापूस तिकडे जायचा, तिकडून इंजिनं इकडे यायची, असा तो जुना व्यवहार. आम्हा पोरांना यातलं काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक होता तो ओल्या कोळशाचा वास, जो पावसाळ्यात कपड्यांना धरला की दोन धुण्यांशिवाय जायचा नाही, आणि तिची शिटी, जी मेलच्या शिटीपुढे इतकी बारीक वाजायची की मेल आली असताना ती वाजवणं म्हणजे ड्रायव्हरचा उगाचच आगाऊपणा आहे असं वाटायचं.

एक गोष्ट जरा बारकाईने सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मोठ्या लाइनीच्या दोन रुळांत अंतर 1676 मिलिमीटर, छोटीच्या रुळांत 762. म्हणजे आर्वीहून आलेला डबा पुलगावच्या पुढे जाऊच शकायचा नाही. जे काही यायचं ते इथे उतरायचं आणि माणसाच्या पाठीवरून, हातांवरून दुसऱ्या डब्यात चढायचं. आर्वीच्या प्रेसांमधून रुईच्या गाठी यायच्या, तागात गुंडाळलेल्या, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या, एकेक पावणेदोनशे किलोच्या घरातली. हमाल दोन्ही बाजूंनी तागात हुक रुतवायचे, तो खर्र असा आवाज मला अजून दातांत जाणवतो, मग कोणीतरी लांबवून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणायचं आणि तव्यावरची भाकरी उलटावी तशी ती गाठ कुशीवर व्हायची. हुकाने ताग जिथे फाटायचा तिथून रुईचा पुंजका बाहेर यायचा आणि हमालांच्या घामेजल्या दंडांना, भुवयांना चिकटून बसायचा. उरलेले पुंजके वाऱ्याने फलाटभर. ते गोळा करायला आम्हाला कोणी मना करत नसे. आई त्याच्या फुलवाती वळायची, पाटावर बसून, बोटाला दुधाचा थेंब लावून, आणि सांजेच्या दिव्यात ती वात लागली की म्हणायची, ‘आपल्या आर्वीची रुई आहे, बघ कशी धूर न करता जळते.’

आईचं माहेर आर्वी. त्यामुळे छोटी गाडी आमच्या घरची होती म्हणा ना. तिकीटघराच्या जाळीतून पुठ्ठ्याचं जाड तिकीट यायचं, त्याआधी आतल्या यंत्रात खट्ट करून तारीख उमटायची, आणि ते तिकीट मुठीत धरलं की घामाने त्याचे कोपरे मऊ पडायचे. गार्ड ओळखीचा. ‘माहेराले निघाल्या का जी बाई?’ असं विचारल्याशिवाय तो हिरवी झेंडी काखेतून काढत नसे, आणि आई दर वेळी ‘हो ना जी, चार दिसासाठी’ म्हणायची, मग मुक्काम पंधरवड्याचा का असेना. लाकडी बाकं उन्हाळ्यात तापलेली, बसल्यावर आधी उठावंसं वाटायचं. खिडकीतून डोकं काढलं की कोळशाचा कण हमखास डोळ्यात; मग आई पदराचा बोळा करून त्यावर तोंडाची ऊब घालून डोळा शेकायची, आणि तो ओलसर, हळद-फोडणीच्या वासाचा अंधार इतका बरा वाटायचा की कण निघाला तरी मी निघाला म्हणत नसे. पुलगावात आई सून होती. विरूळ गेलं की डोक्यावरचा पदर खांद्यावर यायचा, आवाज जरा उंचावायचा, आणि रोहणा येईपर्यंत ती समोरच्या बाईला अगं-तुगं करत शेंगा सोलत बसलेली असायची. बाईमाणूस इतक्या थोड्या अंतरात इतकं लहान होत जाताना मी पुढे कुठे पाहिलं नाही.

गाडी संथ, म्हणून तिचे वासही संथपणे बदलायचे. पऱ्हाटीच्या शिवाराला एक तुरट वास, तुरीच्या फुलोऱ्याला दुसरा. हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री टोपल्यांतून चढली की सगळा डबा आंबट-गोड व्हायचा, आणि टोपलीवरचं पोतं सरकवून एखादं फळ काढलं तरी मालक नुसता हसायचा. आर्वीकडच्या गवळाऊ गाईंचं लोणी घेऊन माणसं पुलगावला यायची, डब्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं, आणि दुपारच्या गाडीला ते लोणी पाघळून फडक्याला तेलकट कड धरायची. सरकीची ढेप, विड्या, ओली घोंगडी, तान्ह्या बाळाची धुरी. हे सगळे वास एका डब्यात मावत असत आणि कोणाची कोणाला तक्रार नसे.

गावाच्या दुसऱ्या टोकाचा आवाज मिलच्या भोंग्याचा. पुलगावची कापडाची मिल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली, आणि आमच्या लहानपणी अर्ध्या गावाची चूल त्या भोंग्यावर पेटायची. बाबा साचेखात्यात. पाळी सुटून घरी आले की त्यांच्या पापण्यांवर कापसाची लव असायची, अंगाला मशिनच्या तेलाचा वास, आणि साच्यांच्या आवाजाची सवय असल्याने ते ‘पाणी दे’सुद्धा हाळी घातल्यासारखं म्हणायचे. शेजारी हसायचे. पहाटेच्या अंधारात आधी भोंगा, मग लांब कुठेतरी पुलावर मेलचा घुमारा, मग जवळ छोटीची बारीक शिटी, असा क्रम ऐकत आम्ही पांघरुणात पडून राहायचो. भोंगा झाला तरी शिटी झाली नाही की आजी अंथरुणातूनच म्हणायची, ‘आज आर्वीवाल्याइचं काही खरं नाही.’

आणि छोटी आल्यावर पुढचं जे व्हायचं, ते मला सर्वांत जास्त आठवतं. गाठींना उतरावं लागे तसं माणसांनाही. आर्वीकडून आलेला माणूस इथे उतरायचा आणि वर्ध्याची, नागपूरची, भुसावळची गाडी येईपर्यंत बसायचा. कधी थोडा वेळ, कधी अर्धा दिवस. त्या बसण्यात पुलगावचं निम्मं आयुष्य होतं. कोणी टोपलीतली भाकर सोडायचं, कोणी आलुबोंड्याच्या कढईपाशी उभं राहायचं, चहावाला कपबशी मोजून परत घ्यायचा. कोणाची म्हैस विकली, कोणाकडे बोंडअळी पडली, कोणाचा मुलगा लष्कराच्या डेपोत लागला, हे सगळं बाकावर बसल्या बसल्या कळायचं. माझ्या मावशीची सोयरीक त्या बाकावर निघाली. दोन्हीकडचे वडीलधारे वर्ध्याच्या गाडीची वाट पाहत होते, आणि ती गाडी वेळेवर आली असती तर माझा मावसभाऊ या जगात नसता. तो स्वतःच हे सांगतो आणि स्वतःच हसतो. तापाने फणफणलेल्या मुलाला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेणारी बाई तिथेच दिसायची, आणि तिच्या मुलाच्या कपाळावर अनोळखी बायकांचे हात आळीपाळीने पडायचे. आहेर, भांडणं, उधाऱ्या, निरोप, लोणच्याच्या बरण्या, सगळं तिथे हातोहात बदललं जायचं.

ती गाडी कशी गेली, हे सांगण्यात काही नाट्य नाही. अशा गाड्या एका दिवसात जात नाहीत. एसटी लवकर पोचवू लागली, गाठी ट्रकवर चढू लागल्या, फेऱ्या विरळ झाल्या. लोक आधी चौकशी करत, मग कुरकुर करत, मग काहीच विचारत नसत. तिकीटघराच्या जाळीमागे एकदा ‘आज नाही’ म्हणाले, आणि तो आज संपलाच नाही. मिलही पुढे थांबली. भोंगा गेल्यावर बाबा तरीही पहाटे उठून बसायचे, घड्याळ न पाहता, आणि चहा प्यायल्यावर आता पुढे काय करायचं हे त्यांना कळायचं नाही. बोलताना त्यांचा आवाज मात्र शेवटपर्यंत मोठाच राहिला. घर लहान झालं होतं, माणसं कमी झाली होती, आणि तो आवाज भिंतींना जास्त लागायचा. आई आर्वीला नंतर बसने जायची. रस्त्याने गाव लवकर आलं, पण पदर खाली यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ त्या प्रवासात नव्हता, म्हणून ती मामाच्या दारात डोक्यावर पदर घेऊनच उतरायची. मामीने एकदा विचारलंही, ‘एवढ्या पाव्हण्यासारख्या का आल्या हो वन्सं?’

मोठी लाइन आहे तशी आहे, उलट आणखी धावती झाली आहे. विदर्भ, महाराष्ट्र, सेवाग्राम एक्सप्रेस येतात-जातात. उतरणारे उतरून तडक मोटारसायकलीकडे जातात, चढणारे मोबाइलवर गाडी कुठवर आली ते बघून नेमके वेळेवर येतात. बाकं नवी आहेत, थंडगार लोखंडाची, बहुतेक रिकामी.

2024च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून देवळीमार्गे कळंबपर्यंत नवी रुंद लाइन सुरू झाली, पुढे ती यवतमाळ-नांदेडला जायची आहे. आर्वीचे लोकही आपली लाइन रुंद करा म्हणून मागत आले आहेत. मागणी रास्त आहे. कोणी सह्यांचा कागद घेऊन आलं तर मी दोन्ही बाजूंनी सही करीन, आईच्या माहेरची म्हणूनही आणि सासरची म्हणूनही. फक्त एवढं मला कळतं, की ती लाइन झालीच तर आर्वीचा डबा पुलगावला क्षणभर थांबून तसाच पुढे जाईल. काही उतरवावं लागणार नाही, कोणाला बसावं लागणार नाही, हुकाने ताग फाटणार नाही. रूळ जुळत नव्हते म्हणून जी खोटी व्हायची, त्या खोटीवर आमचं गाव पोट भरत होतं, सोयरिकी जमवत होतं, आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवत होतं. आता एवढी खोटी कोणालाच परवडायची नाही. मलाही नाही.