दीर्घकर्णा

मुलांस हितोपदेश शिकविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं. त्यांतील दीर्घकर्ण नामक मार्जार चांद्रायण व्रताचें सोंग घेऊन जरद्गव गिधाडाच्या ढोलींत शिरतो, पक्ष्यांचीं पिलें फस्त करतो, आणि प्राण मात्र निरपराध जरद्गवाचा जातो. ही कथा सांगतां सांगतां मार्जारजातीविषयीं आमचें मन कलुषित झालें असल्यास नवल नाहीं. धाकट्या चिरंजीवांनीं सयामी जातीची मांजरी घरीं आणली तेव्हां आम्हीं तोंड फिरविलें. परंतु तिचे ते भलेमोठे कान पाहून नांव आम्हींच ठेविलें.

सयाम म्हणजे आजचा थायलंड. तेथें या जातीस जें नांव आहे त्याचा अर्थ ‘चंद्राचा हिरा’ असा करितात. त्यांतील ‘विचियन’ हा शब्द आपल्या ‘वज्रा’चेंच, पालींतील ‘वजिर’द्वारां तिकडे गेलेलें रूप आहे, हें कळल्यावर आमचा विरोध किंचित् सैल झाला.

अंग सायीच्या रंगाचें, देह सडपातळ, डोळे निळेशार. तोंड, कान, पंजे व शेपूट मात्र काजळी धरल्यासारखीं. याचें कारण मौजेचें आहे. केसांत काळा रंग उत्पन्न करणारें या जातीचें विकर शरीराच्या उबेंत निकामी होतें, थंड भागांतच काम करतें. म्हणून पिलें जन्मतःच पांढरीं असतात. काळिमा मागाहून चढतो.

स्वभाव म्हणाल तर एकांताचा तिटकारा आणि बडबडीची अतोनात हौस. आवाज घोगरा, चढा, हट्टी मुलाच्या रडण्यासारखा. 1871 सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनांत ही जात मांडली होती. हा आवाज तेथें कसा खपला असेल, देव जाणे! आम्ही पूजेस बसलों कीं ही पाटाशेजारीं, वाचावयास बसलों कीं पुस्तकावर. उत्तर मिळाल्याखेरीज थांबत नाहीं.

गेल्या पौषांत एके रात्रीं दुधाचें पातेलें पालथें आढळलें. चौकशी न करितां आम्हीं तिला गच्चीवर घालून दार लाविलें. ती ओरडत राहिली. मध्यरात्रीं आवाज थांबला तेव्हां आम्हांस बरें वाटलें, हें लिहितांना लाज वाटते. सकाळीं ती खालीं अंगणांत सांपडली. डाव्या कुशीस मोठी जखम. पशुवैद्यांनीं तेथील केस काढून टांके घातले. दुसऱ्याच रात्रीं स्वयंपाकघराच्या खिडकींतून एक उनाड बोका आंत उतरला. “मामंजी, चोर हा निघाला,” एवढेंच सूनबाई म्हणाल्या.

जखम भरली. परंतु उघड्या पडलेल्या त्या कातडीस थंडी लागली, आणि नवे केस आले ते काळे. पुढें हे झडून दुसरे येतील तेव्हां रंग उजळेल, असें वैद्य म्हणतात. दीर्घकर्णा पूर्वीसारखीच पाटाशेजारीं येऊन बसते, बोलते. आम्ही उत्तर देतों. ती डाव्या कुशीवर निजली कीं डाग दिसत नाहीं. बहुधा ती उजव्या कुशीवरच निजते.