काळा गाळ

परवा प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या चंचुपात्रात मी डोकावलो आणि तीस वर्षांच्या सवयीने म्हणालो, "ओतून टाक आणि पुन्हा कर." पांढरे स्फटिक हवे होते, तळाशी काळसर गाळ होता. तो बिचारा मुकाट्याने मोरीकडे वळला. घरी येताना मात्र मला विल्यम पर्किनची आठवण झाली आणि मनाला टोचणी लागली.

१८५६ साली ईस्टरच्या सुटीत अठरा वर्षांचा पर्किन घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन करावयास बसला. त्याचा हिशेब वाण्याच्या वहीसारखा चोख होता: अणूंची बेरीज जुळली, की हिवतापाचे औषध तयार! हाती आला तो गाळ. पुढे अॅनिलीन घेऊन पाहिले, तर तो अगदी काळा. पण मद्यार्क घालताच त्यातून जांभळा रंग उतरला आणि रंगांचा एक प्रचंड धंदा उभा राहिला. अणू किती, हे पर्किनला ठाऊक होते; ते एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, हे त्या काळी कोणासच ठाऊक नव्हते. क्विनीनच्या संश्लेषणाची वाट वुडवर्ड आणि डोअरिंग यांना सापडली ती १९४४ साली.

आता माणूस सजीव रचू पाहत आहे. २०१६ साली व्हेंटर यांच्या संस्थेने अवघ्या ४७३ जनुकांवर जगणारा जंतू घडविला. परंतु त्यांपैकी १४९ जनुकांचे कार्य रचणाऱ्यांनाही सांगता येईना. मला तर त्या साऱ्या खटाटोपात हीच कबुली मोलाची वाटते. वाचताना न कळलेले आपण खुशाल ओलांडून जातो. रचावयास बसलो, की तेच आडवे येते.

तथापि रसायनाने दिलेला दुसरा धडा कडू आहे. रंगांच्या कारखान्यांतील मजुरांना मूत्राशयाची अर्बुदे होत असल्याचे रेन या जर्मन शल्यवैद्याने नोंदविले ते १८९५ साली. म्हणजे पर्किनच्या शोधानंतर तीन तपे उलटून गेल्यावर! आणि रंग तर बाटलीत निमूट राहतो, जंतू वाढतो. तेव्हा नको असलेले जे हाती येईल, ते येथे अधिकच तत्परतेने नोंदले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी त्या विद्यार्थ्याची वही मी मुद्दाम मागवून घेतली. काळ्या गाळाचा त्यात उल्लेखही नव्हता. सुवाच्य अक्षरांत लिहिले होते, "पांढरे स्फटिक मिळाले." खाली लाल शाईने सही होती. ती माझीच होती.