तळाला लागण्यापूर्वी

माळव्यात स्थिरावलेल्या आम्हां मराठी कुटुंबांत 'नोकरी' हा शब्द तसा अलीकडचा. आमच्या आजोबांच्या तोंडी 'चाकरी' हाच शब्द असे. होळकरांच्या दफ्तरात मोडीत हिशेब लिहिणाऱ्या त्या पिढीने मागे इस्टेटी फारशा ठेवल्या नाहीत. ठेवली ती एक शिकवण : हाती घेतलेले काम निमूटपणे तडीस न्यावे, आणि 'दमलो' म्हणू नये. या शिदोरीवर आम्ही राज्य शासनाच्या महसूल खात्यात ३५ वर्षे काढली. तिच्याविषयी आमच्या मनात आजही आदर आहे. मात्र तिच्यात एक उणीव राहून गेली. माणूस नुसता दमला आहे की आतून करपत चालला आहे, हे कसे ओळखावे, ते तिने कधी सांगितले नाही.

'करपणे' हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजला आहे. इंग्रजी जाणणारे याला 'बर्नआउट' म्हणतात. पण आपल्या गृहिणींना ही क्रिया त्या शब्दावाचूनही ठाऊक आहे. मंद आचेवर दूध ठेवावे, वर साय धरलेली दिसावी, आणि तळाला मात्र ते लागलेले असावे! पाहणाऱ्याला काही कळत नाही; कळते ते वासावरून, आणि तेही बहुधा दुसऱ्या खोलीतल्या माणसाला.

या अवस्थेला १९७४ साली शास्त्रीय लेखनात स्थान दिले ते हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या अमेरिकन मानसतज्ज्ञांनी. त्यांनी निरीक्षण केले होते ते मोफत दवाखान्यांत सेवाभावाने राबणाऱ्या कार्यकर्त्यांचे. कामचुकाराच्या वाटेला ही अवस्था सहसा जात नाही. जो मनापासून पेटतो तोच करपतो. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तिचे मोजमाप करणारी प्रश्नावली सिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात तिची नोंद आहे. तेथे तिला आजार म्हटलेले नाही. कामाच्या जागी दीर्घकाळ राहिलेला आणि नीट न हाताळला गेलेला ताण, असे तिचे मूळ सांगितले आहे. आणि लक्षणे तीन : शक्ती निघून गेल्यासारखा थकवा, कामापासून तुटलेपण वा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना.

ही तीन लक्षणे आम्ही पुस्तकात वाचण्यापूर्वी कचेरीत पाहिली आहेत. २०१५ साली एका जिल्ह्यात आमच्याकडे दोन जागांचा कार्यभार होता. सोमवारी टीएलची बैठक, मंगळवारी जनसुनवाई, उरलेले दिवस दौरे आणि न्यायालयीन प्रकरणे. १८१ क्रमांकाची मुख्यमंत्री हेल्पलाइन आदल्याच वर्षी सुरू झाली होती. योजना लोकांच्या सोयीची. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. पण एके दिवशी नामांतरणासाठी आलेल्या एका वृद्धेविषयी आमचे बाबू सहजपणे म्हणाले, "साहब, वो वन-एट-वन वाली आई है." ते गृहस्थ एरवी अत्यंत सहृदय. अर्जदाराला आधी पाणी विचारणारे, मग कागद मागणारे. त्यांच्या तोंडी माणसाच्या जागी क्रमांक आला, तेव्हा आम्हांला पहिल्यांदा तो वास आला.

मग स्वतःकडे पाहिले. पहाटे तीनला जाग येत होती. रविवारी संध्याकाळीच पोटात गोळा उठत होता. रजेचा दिवस संपूनही शीण उतरत नव्हता. आमच्या सौ. एवढेच म्हणाल्या, "अहो, वाचनालयाचं पुस्तक दोन महिने झाले, खूण त्याच पानावर आहे." निदान करायला एवढे वाक्य पुरेसे होते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. निवडणुकीच्या दिवसांत आम्ही सोळा-सोळा तास काम केले आहे, मतपेट्यांशेजारी सतरंजीवर झोपलो आहोत. पण त्या दिवसांनी आम्हांला कधी करपवले नाही. त्या श्रमाला शेवटची तारीख होती, बरोबर माणसे होती, आणि निकाल लागला की काम झाल्याचे समाधान होते. मॅस्लॅक यांनी मायकेल लायटर यांच्यासह १९९७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात हेच मांडले आहे. कामाचा बोजा हे सहांपैकी केवळ एक कारण. उरलेली पाच म्हणजे कामावर स्वतःचा ताबा नसणे, कदर नसणे, सहकाऱ्यांची सोबत तुटणे, न्याय नसणे, आणि मनाला न पटणारे करावे लागणे. तासांचे महत्त्व त्याने कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ मधील अभ्यासानुसार आठवड्याला ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळला.

आम्ही तेव्हा पंधरा दिवसांची अर्जित रजा घेतली. आमच्या पिढीत रजा साठवणे हे बँकेत पैसे साठवण्याइतकेच पुण्याचे मानले जाई, म्हणून अर्जावर सही करताना हात जड झाला खरा. डॉक्टरांनी रक्तदाब तपासून गोळी सुरू केली. परत आल्यावर दुसरा कार्यभार काढून घेण्याविषयी लेखी विनंती केली. ती मान्य व्हायला सात महिने लागले. रजेने शीण गेला, पण कडवटपणा उतरला तो कार्यभार उतरल्यावरच. विश्रांतीने माणूस सावरतो. मात्र आच तीच राहिली तर दूध पुन्हा लागणारच. बाबूंचे टेबल आम्ही बदलले, आणि काही महिन्यांनी ते पुन्हा पाणी विचारू लागले.

हे सारे आठवण्याचे कारण २०२४ ची दिवाळी. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत असलेला आमचा पुतण्या चार दिवस आला होता. फोन उशाशी, आणि बोलण्यात माणसांऐवजी 'तिकिटे'. "काका, चार तिकिटं क्लोज केली की जेवायला येतो," असे तो म्हणाला, आणि आम्हांला आमचे बाबू आठवले. लहानपणी वाजवलेला तबला कोपऱ्यात होता, त्याला त्याने हात लावला नाही. "मी ठीक आहे, जरा थकलोय," हे उत्तरही ओळखीचे होते.

अशा वेळी 'आमच्या वेळी आम्ही याहून जास्त काम केले' हे वाक्य ओठांवर येते. वडीलधाऱ्यांनी ते गिळावे. त्या वाक्याने मुलगा गप्प होतो, आणि गप्प झालेला माणूस अधिक लवकर करपतो. आम्ही त्याला तीनच गोष्टी विचारल्या : सुट्टीनंतर शीण उतरतो का? ज्यांच्यासाठी काम करतोस त्यांचा राग येतो का? केलेल्या कामाचे काही चीज होते असे वाटते का? तिन्ही उत्तरे मनाजोगती नव्हती. तो डॉक्टरांना भेटला, पुढे वरिष्ठांशी बोलून त्याने विभागही बदलून घेतला. पूर्ण सावरला असे म्हणवत नाही. पण आता फोनवर तो सहकाऱ्यांची नावे घेतो.

नोकरीपुरती असलेली उदासी घरी, सणावारी, जिवलगांतही पाठ सोडीनाशी झाली, किंवा जगणेच नकोसे वाटू लागले, तर प्रकरण कचेरीपलीकडे गेले असे समजावे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास क्षणाचाही विलंब करू नये. शासनाची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. मराठीतही बोलता येते.

आपल्या घरांनी चाकरीची निष्ठा पिढ्यानुपिढ्या पोहोचवली. तिच्याबरोबर ही एवढी खूणही पुढच्या पिढीच्या हाती द्यावी, असे आम्हांस मनापासून वाटते.